सांधेवाला

आमच्या मामांनी १९६१ साली लंडनहून येताना माझ्यासाठी खेळण्यातली विजेची आगगाडी आणली. एक इंजिन, तीन डबे, रूळ आणि दोन सांधे. गल्लीतली पोरे ती बघायला रांग लावीत आणि मी दर डोई एक गोटी वसूल करी. पुढे गाडी माळ्यावर गेली ती थेट यंदाच्या मे महिन्यात उतरली. कारण नागपूरचा नातू यायचा होता आणि फोनवर, कुणी विचारलेले नसताना, मी म्हणून बसलो होतो, "अरे, आजोबांकडे आगगाडी आहे!"

सरळ रुळावर गाडी झकास धावली. सांधा आला की मधला डबा आडवा!

अडचणीत सापडलेला मास्तर इतिहासात शिरतो. मीही शिरलो. सांध्याचे पेटंट चार्ल्स फॉक्स या इंग्रज इंजिनियराने १८३८ साली घेतले. याच गृहस्थाच्या कंपनीने पुढे १८५१च्या प्रदर्शनासाठी लंडनचा काचेचा महाल उभारला. माझ्याच्याने त्यांचा सांधा सांभाळवेना. खेळण्यातल्या गाड्यांना ठराविक मापाचे रूळ दिले ते मेर्कलिन या जर्मन कंपनीने, १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत. आमच्या गाडीचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. डबे मात्र फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणातले. हिशेब केलात तर रुंदी भरते चार फूट दीड इंच. खऱ्या इंग्रजी रुळांची आहे चार फूट साडेआठ. म्हणजे साहेबाने चक्क सात इंच मारले! कारण साधे आहे. इंग्रजी इंजिने मुळात अंगाने बारीक, त्यात तेव्हाची मोटार मावेना, म्हणून अंग वाढवले आणि रूळ तेच ठेवले. शिवाय ज्याची त्याची चाके वेगळी. या गोंधळाला कंटाळून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी १९३५ साली मिलवॉकीत संघटना काढली आणि मापे ठरवून दिली. चाके तपासायची त्यांची एक पत्र्याची पट्टीच असते.

एवढा अभ्यास करून मी सांधा खिळखिळा करून ठेवला. पाती कानशीने घासली, खाली पुठ्ठा घातला. डबा पडतच राहिला. शेवटी भाजी निवडता निवडता सौ. म्हणाल्या, "अहो, पडतो तो नेहमी तोच डबा. दोन्ही सांध्यांवर. बाकीचे बरे जातात!"

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांचे असे बरोबर येणे मला नवीन नाही, तरी दर वेळी लागते. एकाच सांध्यावर सगळे डबे घसरले तर दोष सांध्याचा. एकच डबा सगळीकडे घसरला तर दोष चाकांचा. मोजून पाहिले. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साडेचौदा मिलिमीटर हवेत, तिथे जेमतेम चौदा. सांध्यात मुख्य रुळाला लागून एक रक्षक रूळ असतो. तो चाकाला मागून धरून ठेवतो, म्हणजे समोरचे चाक टोकावर आपटत नाही. चाके जवळ आली की ती या रुळात चिमटतात आणि वर चढतात. चाक हळूच पिरगाळत बाहेर ओढले. डबा सुळकन् गेला.

तरी एकदा इंजिन अडलेच. पाते रुळाला पुरते चिकटत नव्हते; मधे शिऱ्याचा रवा निघाला. त्यावर मात्र सौ. काही बोलल्या नाहीत.

शनिवारी नातू आला. पंधरा मिनिटे गाडी बिनचूक फिरली. मी छाती फुगवून बसलो होतो. मग तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आजोबा, आता पाडू या?"