मातीचे गोकुळ

आपल्या कुंभार ज्ञातीचा इतिहास सांगू लागले की घागरी, रांजण आणि बलुत्याचे हक्क यांचेच वर्णन होते. गोकुळाष्टमीस देशावर पुष्कळ घरी मातीचे गोकुळ मांडतात, त्याकडे इतिहास म्हणून कोणी पाहत नाही. वास्तविक पाळण्यातील कृष्ण, रांगणारा कृष्ण, ताक घुसळणारी यशोदा व भोवतालच्या गाई ही बोटभर चित्रे म्हणजे बाळपणाची बखरच होय. पंढरीस तर त्यांचे अगत्य विशेष. विठोबा हाच गोकुळीचा कृष्ण, ही वारकऱ्यांची श्रद्धा. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो तो याच नात्याने.

या मूर्तींस चाक लागत नाही, केवळ बोटे लागतात. काही घरी बायकाच त्या करतात, काही ठिकाणी कुंभारवाड्यातून आणतात. परंतु त्या कच्च्या राहतात आणि पूजा झाल्यावर पाण्यात विरतात. मग पुरावा राहावा कोठून? याउलट तेर येथे सातवाहनकाळी दुहेरी साच्यात घडविलेल्या पोकळ मूर्ती भट्टीत भाजलेल्या असल्यामुळे सुमारे दोन हजार वर्षांनीही तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.

तेच तेर आमच्या गोरोबाकाकांचे गाव. त्यांची समाधी परंपरेने शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ ची मानतात. नामस्मरणात चिखल तुडवीत असता रांगत आलेले मूल पायाखाली गेले, आणि पुढे पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात ते परत लाभले, ही कथा महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयामुळे घरोघरी पोहोचली. कीर्तनकार तीत भक्तीचे माहात्म्य सांगतात, ते योग्यच. आम्हांस मात्र तीत कुंभाराचे घरही दिसते. आई पाण्याला गेलेली, बाप चिखलात, आणि मूल त्याच चिखलाकडे ओढ घेते! आमच्या कोणत्या घरात हे घडले नाही? रांगता कृष्ण घडविणाऱ्या बोटांस नमुना शोधावयास दूर जावे लागत नव्हते.

हल्ली प्लॅस्टरच्या साच्यातील मूर्ती सर्वत्र मिळतात. त्या एकसारख्या व गुळगुळीत असतात. पण त्यांतील बाळ कोणाच्याच घरचे वाटत नाही. चंद्रभागेचा कुंभार घाट आमचे नाव अद्याप सांगतो, परंतु गोकुळ हाताने करणाऱ्या वृद्ध स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. भरीव मूर्ती भट्टीत तडकतात, म्हणून येत्या अष्टमीपूर्वी त्यांच्याकडून एक संच आतून पोकळ करवून घ्यावा, नीट सुकवून भाजावा आणि संस्थेच्या कार्यालयात ठेवावा, अशी आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे.