भूखंडमंचावरील विवादित दावे

किनाऱ्यालगत समुद्राखाली उतरत गेलेल्या भूखंडमंचावर, म्हणजेच समुद्रबूड जमिनीवर, दोन किंवा अधिक राष्ट्रांनी सांगितलेला हक्क. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारातील कलम ७६ नुसार आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ किनारी राष्ट्राचा असतोच. त्यापलीकडचा तळ आपल्याच भूमीचा विस्तार आहे, हे मात्र गाळाच्या जाडीसारखे पुरावे देऊन भूखंडमंच मर्यादा आयोगाला पटवावे लागते. हा २१ सदस्यांचा आयोग शास्त्रज्ञांचा आहे, न्यायाधीशांचा नव्हे. शेजाऱ्याशी वाद असल्यास सर्व संबंधितांच्या संमतीवाचून तो दावा तपासायलाच घेत नाही. शेजाऱ्यांमधील सीमा कलम ८३ प्रमाणे वाटाघाटींनी, न जमल्यास न्यायालयाने किंवा लवादाने ठरवायची असते.

यात पेच दडलेला आहे. आयोग वाद मिटण्याची वाट पाहणार. न्यायालयही आयोगासाठी थांबले, तर निकाल लागणार कधी? बंगालच्या उपसागरात हीच वेळ आली होती. आत वळलेल्या किनाऱ्यामुळे समदूर रेषा मानली तर बांगलादेश दोन्ही बाजूंनी कोंडला जात होता. त्याने २००९ मध्ये म्यानमार आणि भारत या दोघांविरुद्ध दाद मागितली. हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाने १४ मार्च २०१२ रोजी म्यानमारचा ‘आधी आयोग’ हा युक्तिवाद फेटाळला. शेजाऱ्यांमधील सीमा वेगळी आणि मंचाची बाहेरची कड वेगळी. शिवाय उपसागराच्या तळावरील गाळाच्या जाड थराबद्दल शंकाच नव्हती. भारताविषयीचा लवादाचा निवाडा ७ जुलै २०१४ रोजी आला. वादातील सुमारे २५,६०२ चौ. किमी.पैकी १९,४६७ चौ. किमी. बांगलादेशाला मिळाले आणि भारताने ते मान्य केले.

दोन्ही निवाड्यांतून एकेक ‘करडे क्षेत्र’ उरले: तळ बांगलादेशाचा, वरच्या पाण्यातील मासळी शेजाऱ्याची. नकाशावर नीटस दिसणारी ही वाटणी तेलविहीर खोदणाऱ्याला आणि मच्छीमाराला एकाच जागी दोन सरकारांच्या अधिकाराखाली आणते. लवादाचे सदस्य पी. श्रीनिवास राव यांनी या मुद्द्यावर भिन्नमत नोंदवले. निकाराग्वा-कोलंबिया वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ जुलै २०२३ रोजी वेगळी दिशा घेतली: रूढ कायद्यानुसार एका राष्ट्राचा २०० मैलांपलीकडचा विस्तारित मंच दुसऱ्याच्या २०० मैलांच्या आत शिरू शकत नाही. उपसागरातील निवाडे संबंधितांवर बंधनकारकच आहेत, पण तशी करडी क्षेत्रे नव्याने निर्माण होणे आता अवघड आहे.