पहिली चिंधी : रक्षक-कुत्र्याच्या शिक्षणाचा इतिहास

आमच्या वस्तीतील एका गृहस्थांनी अल्सेशियन जातीचे पिल्लू आणले, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. पिल्लू जेमतेम तीन महिन्यांचे. कान अजून पुरते उभे न राहिलेले, पंजे देहाच्या मानाने फार मोठे. ते मोठेपणी चोराच्या अंगावर बेधडक तुटून पडावे अशी गृहस्थांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांनी उपाय योजला तो आपल्याकडे पुष्कळजण योजतात तोच. पिल्लाला फाटकाशी साखळीने बांधले. तिखट खाणारे कुत्रे तिखट होते या समजुतीने त्याच्या भाकरीत मिरचीपूड कालवली. आणि माळ्याच्या हाती काठी देऊन रोज संध्याकाळी त्याला डिवचण्याचा हुकूम सोडला. चार दिवस पिल्लू भुंकले. पाचव्या दिवशी माळी दिसताच ते शेपूट घालून फाटकाच्या खांबामागे सरले, आणि भीतीने त्याने तेथेच जमीन ओली केली. आज ते धिप्पाड कुत्रे आहे. पण कोणी छत्री उघडली तरी दचकते. गेल्या पावसाळ्यात त्याने चावा घेतला तो चोराला नव्हे, चेंडू शोधीत आत आलेल्या एका शाळकरी मुलाला, आणि तोही मागून येऊन.

त्या मुलाला दवाखान्यात नेण्याचे काम आमच्याकडे आले. परतताना मनात आले, की कुत्र्याला रक्षण करावयास शिकविण्याची काही शास्त्रशुद्ध रीत असेलच ना? असल्यास ती कोणी, केव्हा आणि कोणत्या चुका करून शोधली? या कुतूहलाने आम्ही जे वाचले, त्यातील काही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कुत्रा हा माणसाचा पहारेकरी फार प्राचीन काळापासून आहे. तो इतिहास येथे नको. पद्धतशीर शिक्षण देऊन कुत्र्याला शिपायाच्या बरोबरीने गस्तीवर धाडण्याची आधुनिक प्रथा बेल्जममधील गेंट शहरी 1899 साली सुरू झाली. तेथील पोलीसप्रमुख व्हान वेसेमाल याने रात्रीच्या पहाऱ्यासाठी मेंढपाळी जातीची थोडी कुत्री घेतली, आणि त्यांचा लौकिक लवकरच शेजारच्या देशांत पोहोचला. हॉलंडात पोलिसी कुत्र्यांची संस्था 1907 साली निघाली. ती आजही चालू आहे. तथापि आमच्या विषयाचा मुख्य प्रवाह वाहतो तो जर्मनीतून, आणि त्याचा उगम पोलीसचौकीत नसून मेंढवाड्यात आहे.

माक्स फॉन स्टेफानिट्स हा जर्मन घोडदळातील कप्तान. 3 एप्रिल 1899 रोजी कार्ल्सरूए येथील श्वानप्रदर्शनात त्याने हेक्टर नावाचा, लांडग्याच्या घाटाचा एक मेंढपाळी कुत्रा पाहिला. तो त्याच्या इतका मनात भरला, की त्याने तेथल्या तेथे दोनशे सुवर्ण मार्क मोजून तो विकत घेतला, त्याचे नाव बदलून होरांड ठेवले, आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला जर्मन मेंढपाळी कुत्र्यांची संस्था स्थापून तिच्या वंशावळीच्या वहीत पहिली नोंद होरांडची केली. आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो हाच कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन हा शब्द इंग्रजांच्या कानांना खुपू लागला, म्हणून त्यांनी आल्सास प्रांतावरून हे दुसरे नाव पाडले. 1977 साली इंग्लंडातील श्वानसंस्थेने मूळ नाव पुन्हा मान्य केले. आपण मात्र अजून इंग्रजांनी टाकून दिलेल्या नावालाच चिकटून आहो!

या कुत्र्याचे मूळ काम काय होते हे समजल्याखेरीज पुढचे काहीच नीट समजणार नाही. आपल्या धनगराच्या कुत्र्याचे काम मुख्यतः लांडग्यापासून कळप राखण्याचे. जर्मनीत, विशेषतः दाट शेतीच्या मुलखात, कुत्र्याकडे आणखी एक नाजूक काम असे. दोन्ही बाजूंना उभी पिके आणि मध्ये चराऊ जमिनीचा अरुंद पट्टा. कुत्र्याने त्या पट्ट्याच्या कडेने, नांगराच्या तासावरून, दिवसभर येरझारा घालावयाच्या आणि स्वतः जिवंत कुंपण व्हावयाचे. एखादी मेंढी हट्टाने पिकात शिरलीच, तर तिला मानेशी, बरगडीवर किंवा मांडीशी दातांत धरून मागे फिरवावयाचे. पण धरावयाचे ते पूर्ण तोंडाने, घट्ट, एकदाच, आणि कातडीला इजा न करता लगेच सोडून द्यावयाचे. मेंढी फाडणारा कुत्रा धन्याचे नुकसान करतो, नुसते दात दाखवून मागे सरणाऱ्याला मेंढी जुमानीत नाही. घट्ट धरणे आणि तत्काळ सोडणे, हे दोन्ही एकाच कुत्र्याच्या ठायी हवे होते. पुढे रक्षक-कुत्र्याची जी परीक्षा बसविण्यात आली तिचे बीज, आमच्या मते, या दोन शब्दांत आहे.

कारखाने वाढले, कळप घटले, आणि स्टेफानिट्सला चिंता पडली की बिनकामाचा हा कुत्रा लवकरच दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होऊन बसेल. त्याने पोलीस आणि लष्कर यांचे दरवाजे ठोठावले. आरंभी त्याची थट्टाच झाली म्हणतात. त्याचबरोबर संस्थेच्या कुत्र्यांसाठी कामाच्या परीक्षा सुरू झाल्या: माग काढणे, आज्ञा पाळणे आणि रक्षण करणे. जर्मन भाषेत या परीक्षेला ‘शुट्सहुंड’ म्हणजे रक्षक-कुत्रा असे नाव मिळाले. आज जगभर हा एक खेळ झाला आहे, पण मुळात तो खेळ नव्हता. कोणत्या कुत्र्याची प्रजा वाढवावी आणि कोणाची वाढवू नये हे ठरविण्याची ती चाळणी होती.

आता शिक्षणाची रीत. या क्षेत्रातील पहिले मोठे नाव कोनराड मोस्ट याचे. झारब्रुकेन येथे पोलीसखात्यात असताना 1906 साली त्याने कुत्री शिकविण्यास आरंभ केला आणि 1910 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा मनुष्य विलक्षण. कुत्र्याला माणसासारखे पापपुण्य कळते, तो ‘मुद्दाम’ आज्ञा मोडतो, या भाबड्या कल्पनांवर त्याने कठोर प्रहार केला. बक्षीस आणि शिक्षा कृतीच्या क्षणीच मिळाली पाहिजे, एका पळाचाही उशीर झाला तर कुत्रा भलताच संबंध जोडतो, हे त्याने ओळखले होते. अमेरिकेतील स्किनरचा या विषयावरील पहिला ग्रंथ निघाला तो 1938 साली, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षांनी. आणि तरीही हाच मोस्ट काटेरी गळपट्टा आणि छडी यांचा पुरस्कर्ता होता. धनी आणि कुत्रा यांच्यातील वर्चस्वाचा प्रश्न प्रत्यक्ष झटापटीनेच सुटतो, आणि त्या झटापटीत धन्याने जिंकलेच पाहिजे, असे त्याचे मत होते. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1954 मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, निघाले. तोवर त्याच्या धर्तीवर शिकविलेली हजारो कुत्री दोन महायुद्धांत खपली होती. आमच्या वस्तीतील माळ्याची काठी ही नकळत याच परंपरेची एक शेंडेफळ शाखा म्हणावयाची. फरक इतकाच, की मोस्टची अचूक वेळ साधण्याची कला तिच्याबरोबर आली नाही, नुसती काठी आली.

दिशा बदलण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून 1965 साली ग्रंथ लिहिला. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास विशेष मोकळे असते, आणि या काळात जे आपलेसे झाले नाही त्याविषयी पुढे भय उरते, हे त्यांनी दाखवून दिले. दुसरीकडे जर्मनीत 1980 च्या सुमारास हेल्मुट रायझर याच्यासारख्यांनी रक्षणाच्या कामामागील प्रेरणांची फोड केली. कुत्रा दातांनी धरतो ते एकाच कारणाने नव्हे. पळत्या वस्तूमागे धावून ती पकडावी ही शिकारीची प्रेरणा निराळी, आणि अंगावर आलेल्या संकटाला तोंड द्यावे ही बचावाची प्रेरणा निराळी. पहिली पिल्लात अगदी कोवळ्या वयापासून असते आणि तिच्यात आनंद असतो. दुसरी सावकाश, वय वाढेल तशी परिपक्व होते, आणि तिच्या पोटात नेहमी भीती असते. तीन महिन्यांच्या पिल्लाला धमकावले, तर त्याच्यापाशी लढण्याची ताकद अजून आलेलीच नसते. त्याच्या हाती एकच मार्ग उरतो, पळण्याचा. तो साखळीने बंद केला, की खांबामागे जमीन ओली होते.

म्हणून आज जाणता शिक्षक आरंभ करतो तो काठीने नव्हे, चिंधीने. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लापुढे गोणपाटाचा एक तुकडा सुतळीला बांधून जमिनीवरून उंदरासारखा पळवावयाचा. चिंधी नेहमी पिल्लापासून दूर जाते, कधीही त्याच्या तोंडावर येत नाही. कारण सावज पळते, अंगावर येत नाही. पिल्लू झडप घालते, चुकते, पुन्हा झेपावते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चिंधी त्याच्या दातांत येऊ द्यावयाची, किंचित ओढ द्यावयाची, आणि ते नेटाने धरून राहिले की सुतळी सोडून द्यावयाची. चिंधी पिल्लाची झाली! ते ती मिरवीत अंगणभर फिरते. हे मिरवणे म्हणजे वेळ दवडणे नव्हे, शिक्षणाचे सारे मर्म येथेच आहे. आपण धरले म्हणजे आपण जिंकतो, ही खूणगाठ येथे बसते. खेळ दोन-चार मिनिटांचाच, आणि पिल्लाची हौस पुरी फिटण्याच्या आधीच थांबवावयाचा. आपल्याकडे मुलाला गोष्ट सांगणारी आजी नेमकी रंगात आली असता ‘राहिलेली उद्या’ म्हणते, तसेच. पुढच्या दातांनी कुरतडणाऱ्या पिल्लाला चिंधी निसटू द्यावी आणि पूर्ण तोंडाने धरणाऱ्याला ती बहाल करावी, म्हणजे धरण्याची ती जुनी मेंढपाळी रीत आपोआप बाणते. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा ओढाताण पूर्ण बंद. दुखऱ्या हिरड्यांची आठवण कायमची बसते.

चिंधीच्या जोडीला, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचे, ते जगाचे दर्शन. बाजार, रेल्वेचा पूल, गुळगुळीत फरशी, लोखंडी जिना, काठी टेकीत चालणारा म्हातारा, रडणारे मूल, हे सारे पिल्लाने धन्याच्या सोबतीने, घाई न करता पाहावयाचे असते. जे कुत्रे उघडणाऱ्या छत्रीला भिते त्याच्या चाव्यावर विश्वास कोणी ठेवावा?

पुढे चिंधीची जागा तागाची घट्ट गुंडाळी घेते, आणि तिची जागा साहाय्यकाच्या हातावरील जाड बाही. हा साहाय्यक परका माणूस असतो, आणि त्याची कला अशी, की त्याने हरावयाचे आणि तरी हरणे खरे भासवावयाचे. कुत्रे भुंकले की त्याने कचरावे, धरले की बाही सोडून द्यावी. वय वाढून मन पक्के झाल्यावरच तो थोडा डोळे रोखून पाहू लागतो, अंगावर येतो, मऊ आवरणाची काठी उगारतो. आणि कुत्रे डगमगताना दिसले की तत्क्षणी पुन्हा पळणारे सावज होतो. भय येथेही आहे, पण ते मापून, औषधाच्या मात्रेप्रमाणे दिलेले असते. पहिल्या श्रेणीच्या परीक्षेला कुत्रा किमान दीड वर्षाचा असावा लागतो. परीक्षेचे नाव 2019 पासून बदलले असले तरी माग, आज्ञापालन आणि रक्षण हे तीन भाग आणि प्रत्येकी शंभर गुण हा साचा कायम आहे.

या परीक्षेत प्रेक्षक टाळ्या देतात ते धावत्या झडपेला. आमचे लक्ष मात्र दोन शांत क्षणांवर खिळते. सर्वांत वरच्या श्रेणीत कुत्र्याने मैदानातील सहा आडोसे शोधावयाचे असतात. शेवटच्या आडोशात साहाय्यक निश्चल उभा असतो. कुत्र्याने त्याच्यापुढे उभे राहून जोराने भुंकावे, पण स्पर्श करता कामा नये. उभ्या माणसाला चावणे हा दोष. तो पळू लागला तरच धरावयाचे. दुसरा क्षण सोडण्याचा. ऐन झटापटीनंतर साहाय्यक स्तब्ध होतो, धनी दुरून एक शब्द उच्चारतो, आणि कुत्र्याने तत्काळ तोंड उघडले पाहिजे. बोटीची सुकाणू हाती असल्याखेरीज शीड उभारण्यात अर्थ नाही; हे सोडणे म्हणजे सुकाणू.

इतिहासाने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांना वाट दाखविण्यासाठी 1916 साली ओल्डेनबुर्ग येथे कुत्र्यांची शाळा निघाली, त्या कामी हीच जात पुढे आली. वीस-पंचवीस वर्षांनी नाझी छळछावण्यांत कैद्यांवर सोडण्यात आली तीही हीच जात. स्टेफानिट्सला 1935 मध्ये स्वतःच्याच संस्थेचे अध्यक्षपद सोडावे लागले. पुढच्या वर्षी, 22 एप्रिललाच, तो वारला. छावण्यांतील कुत्र्यांना धरणे तेवढे शिकविले होते असे नाही. सोडण्याचा शब्दही त्यांना ठाऊक असणार; तो उच्चारणारेच तेथे कोणी नव्हते.

आपल्या देशात सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान-प्रशिक्षण केंद्र 1970 साली टेकनपूर येथे निघाले. हे गाव शिंदे सरकारांच्या ग्वाल्हेरजवळचे, म्हणजे बृहन्महाराष्ट्रीयांच्या जुन्या बिऱ्हाडाच्या शेजारचेच. तेथे आता मुधोळ जातीच्या कुत्र्यांनाही शिक्षण मिळते. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने जोपासलेली ही सडपातळ शिकारी जात. सशामागे धावणे तिच्या रक्तातच आहे. मेरठच्या लष्करी केंद्रानेही 2016 पासून तिच्यावर प्रयोग केले. पळत्या चिंधीचा मंत्र मुधोळच्या पिल्लाला वेगळा शिकवावा लागत नसेल, असे आम्हांस वाटते.

त्या गृहस्थांनी गेल्या महिन्यात दुसरे पिल्लू आणले. आम्ही हे सारे त्यांना ऐकविले. ते हसले, पण माळ्याला काठी दिली नाही. परवा संध्याकाळी फाटकातून पाहिले, तो माळीच गोणपाटाचा तुकडा सुतळीने ओढीत गवतातून उलट्या पावली पळत होता, आणि पिल्लू त्याच्यामागे धडपडत होते. एकदाचा तुकडा त्याच्या दातांत आला. माळ्याने सुतळी सोडली. पिल्लू मान उंच करून, आपल्याच अंगणात, चिंधी मिरवीत निघाले. आणि खांबामागून ते मोठे कुत्रे त्याच्याकडे पाहत बसले होते.