शाम्पू म्हणजे मुळात चंपी!

रोज डोक्याला लावतो तो शाम्पू, हा शब्द आपल्याकडूनच गेलाय बरं का. हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे चेपणं. तोच शब्द इंग्रजांनी उचलला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या दीन महंमद यांनी पुढे इंग्लंडात ब्रायटनला वाफेचं स्नानगृह काढलं. तिथे ते लोकांना मालीश करून द्यायचे. राजा चौथा जॉर्जसुद्धा त्यांचं गिऱ्हाईक! तेव्हा शाम्पू म्हणजे हीच मालीश. केस धुणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला.

हे वाचलं आणि आजी आठवली. “ये, तेल लावून देते,” ती म्हणायची. मी म्हणायचो, “मीटिंग आहे गं.” आता तिचे हात थरथरतात. या रविवारी तिच्या केसांना मी तेल लावणार आहे. तुम्ही?