थंडीत न हलता उभा राहणारा शिकारी

हेडफोन लावलेत? मग आज आपण जरा गारठ्यात जाऊया. साधासुधा गारठा नाही हं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, गोठलेल्या समुद्रावर. जानेवारीचा महिना, पारा उणे ३० च्याही खाली, आणि एक माणूस बर्फातल्या एका छोट्या भोकावर वाकून उभा आहे. एक तास झाला, दोन तास झाले, तरी तो हललेला नाही.

हा आहे इनुइट शिकारी, आणि तो वाट बघतोय सीलची. सील राहतो पाण्यात, पण त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. त्यासाठी तो बर्फात भोकं राखून ठेवतो. त्या भोकाला इनुइट लोक म्हणतात अग्लू. वरून बर्फाचा थर साचलेला असतो, त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. कुत्रा वासावरून ते हुडकून काढतो. मग शिकारी त्यात एक बारीक काडी सोडतो, हाडाची वगैरे. सील आला की पाणी हलतं, काडी हलते, आणि त्याच क्षणी हार्पून मारायचा.

पण गंमत अशी की एका सीलची अशी बरीच भोकं असतात. तो कुठल्या भोकावर कधी येईल, सांगता येत नाही. म्हणून तासन् तास थांबायचं. पाय आपटून ऊब आणायची सोय नाही, कारण बर्फावरचा आवाज खाली पाण्यात जातो आणि सील पळतो. पायाखाली कातड्याचा तुकडा टाकायचा आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं.

आता तुमच्यापैकी जे हिवाळ्यात ट्रेकला जातात, त्यांना एक गोष्ट माहीत असेल. चढताना जाकिटाच्या आत घाम येतो, माथ्यावर थांबलात की तोच घाम गार पडतो आणि दात वाजायला लागतात. शिकाऱ्याचं संकट नेमकं हेच आहे. आधी बर्फावर मैलोन् मैल चालायचं, मग एकदम थांबायचं. चालताना घाम आला, तर थांबल्यावर तोच घाम जीव घेऊ शकतो. म्हणजे खरा प्रश्न अंगावर किती कपडे चढवायचे हा नाहीच. प्रश्न आहे, कोरडं कसं राहायचं?

याचं उत्तर होतं कॅरिबू, म्हणजे तिकडचा रेनडियर. त्याच्या केसांच्या आत हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. ही अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. कातडं हवं ते शरद ऋतूच्या सुरुवातीला मारलेल्या जनावराचं. उन्हाळ्यात माशीच्या अळ्यांनी पाडलेली भोकं तोवर भरून आलेली असतात, आणि केस दाट असले तरी फार लांब झालेले नसतात.

कपड्यांचे थर दोन. आतल्या अंगरख्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. दोन्ही सैल. समोर बटणं नाहीत, डोक्यावरून घालायचा, टोपी त्यालाच जोडलेली. गरम हवा वर जाते ना? वरून बंद असलं की ती आतच राहते. चालताना उकडायला लागलं की टोपी मागे सारायची, गळ्याशी जरा सैल करायचं, की वाफ बाहेर. टोपीच्या कडेला वॉल्व्हरिनची किंवा लांडग्याची फर लावायची, कारण श्वासाची वाफ तिच्यावर गोठली तरी सहज झटकता येते. घरात शिरण्याआधी कपड्यांवरचं हिम काठीने झोडपून काढायचं, नाहीतर आत ते वितळून कातडं ओलं होणार.

आणि आता खरा मुद्दा. हे सगळं शिवत कोण होतं? बायका. कातडं खरवडायचं, मऊ करायचं, उलू नावाच्या अर्धगोल सुरीने कापायचं, आणि कॅरिबूच्या पाठीच्या स्नायूतल्या तंतूंनी शिवायचं. सीलच्या कातड्याच्या बुटांना तर असा टाका घालायचा की सुई कातड्याच्या आरपार जाताच कामा नये, म्हणजे पाणी आत येणार नाही. शिवाय हा तंतू ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. एखादा टाका चुकला तर काय? बर्फावर उभ्या असलेल्या माणसाचं बोट गेलं. नेत्सिलिक इनुइटांमध्ये तर नियमच होता: कॅरिबूच्या कातड्याचं शिवणकाम समुद्राच्या बर्फावर मुक्काम हलवण्याआधी संपलंच पाहिजे. सीलची शिकार सुरू व्हायच्या आधी सुईचं काम पूर्ण. हार्पून शिकाऱ्याच्या हातात होता, पण तो हात गरम ठेवला होता सुईने.

आता याच नेत्सिलिक लोकांच्या भागात, किंग विल्यम बेटाजवळ, १८४६ मध्ये दोन ब्रिटिश जहाजं बर्फात अडकली: एरेबस आणि टेरर. जॉन फ्रँकलिनची मोहीम, १२९ माणसं. एप्रिल १८४८ मध्ये उरलेल्या १०५ जणांनी जहाजं सोडली आणि होड्या घसरगाड्यांवर लादून ओढत दक्षिणेकडे निघाले. अंगावर लोकरी आणि जाडजूड कापडी कपडे. जड ओझं ओढायचं म्हणजे घाम आलाच, आणि घामाने भिजलेलं कापड थांबल्यावर गोठणार. त्यातलं कोणीही वाचलं नाही. आता, सगळा दोष कपड्यांना देणं बरोबर नाही. उपासमार होती, आजार होते. शिवाय शंभर माणसांना त्या उजाड भागात शिकारीवर जगवणं स्थानिकांनाही जमलं नसतं. पण त्याच बेटावर लोक पिढ्यान् पिढ्या मुलंबाळं वाढवत होते, हेही तितकंच खरं.

१८५४ मध्ये जॉन रे नावाच्या प्रवाशाने इनुइटांकडून ऐकलेली हकीकत लंडनला कळवली. ती माणसं उपाशी मेली, शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडनमध्ये गदारोळ झाला. खुद्द चार्ल्स डिकन्सने लिहिलं की या लोकांच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा? पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या. इनुइट खरं सांगत होते.

मग १९०३ मध्ये त्याच बेटावर आला रोआल्ड आमुंडसेन. योआ नावाचं छोटं जहाज, सगळे मिळून फक्त ७ जण. दोन हिवाळे तो तिथे राहिला आणि नेत्सिलिक लोकांचा विद्यार्थी झाला. त्यांच्याकडून कपडे घेतले, ते सैल का घालायचे हे समजून घेतलं, बर्फाचं घर बांधायला शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला. त्या यशात कुत्रे, स्की, काटेकोर नियोजन असं बरंच काही होतं, पण थंडीचे धडे त्याने गिरवले होते किंग विल्यम बेटावर.

२०१४ मध्ये एरेबस समुद्रतळाशी सापडलं. इनुइटांच्या तोंडी परंपरेत जिथे जहाज बुडाल्याचं सांगितलं जायचं, त्याच भागात. योआ हेवन गावच्या लुई कामूकाक यांनी म्हाताऱ्यांच्या या आठवणी वर्षानुवर्षं गोळा केल्या होत्या. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं उत्तर तिथेच होतं, फक्त विचारून ऐकून घ्यायचं होतं.

आमुंडसेनचं नाव पुस्तकात आहे. ज्यांनी ते अंगरखे शिवले, त्या बायकांपैकी बहुतेकींची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

तर पुढच्या थंडीत ट्रेकला निघाल, तेव्हा चालायला लागण्याआधी एक थर काढून बॅगेत टाका. सुरुवातीला जरा थंडी वाजू दे. थांबलात की लगेच चढवा. आणि ही अक्कल कोणाकडून आली, ते सोबतच्या मित्रमैत्रिणींना नक्की सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर कोरडे राहा!