कोरड्या बेटावरील किल्ला

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही आपल्या वाचकांस फार दूरच्या एका स्थळीं नेऊं इच्छितों. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉक मॉयडार्ट नांवाची खाडी आहे. शील नदी जेथें तीस मिळते, तेथें एका खडकाळ बेटावर टिओरमचा किल्ला ओसाड पडला आहे. गेलिक भाषेंत या नांवाचा अर्थ ‘कोरडा’ असा होतो, व तो यथार्थ आहे. भरतीच्या वेळीं बेटास पाण्याचा वेढा पडतो. ओहोटी लागली कीं वाळूची वाट उघडी पडते आणि मनुष्य पायीं पलीकडे जातो.

कांहीं वर्षांपूर्वीं तेथें जाण्याचा योग आम्हांस आला. ओहोटीची वेळ विचारून आम्ही निसरड्या शेवाळांतून चालत बेटावर पोहोंचलों. खडकाच्या आकारास अनुसरून बांधलेला पांच बाजूंचा उंच तट अद्यापि उभा आहे. मात्र भिंती धोक्याच्या झाल्यामुळें आंत जाण्यास मनाई होती. आम्हीं बाहेरूनच फेरी मारली. भरतीची चाहूल मनांत असल्यानें फार वेळ बसतांहि आलें नाहीं.

हा किल्ला चौदाव्या शतकांत एमी मॅकरुअरी या बाईनें वसविला, असें परंपरा सांगते. तिचे पति जॉन हे ‘बेटांचे स्वामी’ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनीं तिचा त्याग करून राजघराण्यांतील कन्येशीं विवाह केला. एमीचा पुत्र रॅनल्ड याच्यापासून क्लॅनरॅनल्ड हें मॅक्डॉनल्ड कुळ निघालें, व टिओरम हें त्याचें मुख्य ठाणें झालें.

१५६० सालीं स्कॉटलंडच्या संसदेनें पोपमहाशयांची सत्ता झुगारून मिस्सेवर बंदी घातली. या डोंगरी मुलखांत पुढें अनेक वर्षें धर्मगुरूंचें दर्शनहि दुर्मिळ झालें. अखेर आयर्लंडचे फ्रान्सिस्कन मिशनरी तेथें आले, आणि १६२४ सालीं फादर कॉर्नेलियस वॉर्ड यांच्या प्रयत्नानें क्लॅनरॅनल्डचे नायक जॉन हे ख्रिस्तसभेंत परत आले. १६२६ सालीं त्यांनीं आठवे पोप अर्बन यांस पत्र पाठविलें.

परंतु पुढें या कुळानें आपल्या श्रद्धेचें भाग्य पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या भाग्याशीं बांधलें. १७१५ च्या बंडांत नायक ॲलन यांनीं निघतांना, किल्ला शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून, स्वतःच त्यास आग लावविली. त्याच वर्षीं १३ नोव्हेंबर रोजीं शेरिफम्यूरच्या लढाईंत त्यांस प्राणघातक जखम झाली. किल्ला पुन्हा वसला नाहीं. १७४५ सालीं ग्लेनफिनन येथें राजपुत्र चार्ल्स यांचें निशाण उभारलें, तेव्हां बिशप ह्यू मॅक्डॉनल्ड यांनीं त्यास आशीर्वाद दिला. पुढच्याच वर्षीं कलोडनला पराभव झाला. लॉक मोरार सरोवरांतील बेटावरची सेमिनरी जाळण्यांत आली, आणि बिशपांस फ्रान्सला पळावें लागलें. १७४९ सालीं ते आपल्या लोकांत परत आले.

किल्ला गेला, सेनाहि गेली. मग उरलें काय? उरलीं तीं गरीब कुळें. १७७० च्या सुमारास दक्षिण युइस्ट बेटावर कॅथोलिक कुळांवर धर्म सोडण्याची सक्ती होऊं लागली. त्या वेळीं ग्लेनलाडेलचे जॉन मॅक्डॉनल्ड यांनीं पुढाकार घेतला, व १७७२ सालीं युइस्ट आणि मॉयडार्टच्या बाजूचीं सुमारें २१० माणसें ‘अलेक्झांडर’ जहाजानें अटलांटिकपार गेलीं. त्यांच्याबरोबर फादर जेम्स मॅक्डॉनल्ड होते. आज प्रिन्स एडवर्ड आयलंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटावर त्यांनीं जंगल तोडून नवीं घरें बांधलीं. जमीन सोडली, पण मिस्सा सोडली नाहीं.

वसईच्या किल्ल्यांतील भग्न देवळें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें नवल वाटणार नाहीं. १७३९ सालीं तो किल्ला पडला. भोवतालच्या गांवांतील श्रद्धा मात्र पडली नाहीं. तट बांधणारांचीं नांवें इतिहास राखतो. संध्याकाळीं लेकरांस जवळ घेऊन प्रार्थना शिकविणाऱ्या मातेचें नांव कोणी लिहून ठेवीत नाहीं. तरीहि खरा तट तीच होय.

प्रिय धर्मबांधवहो, आपल्या देवळाच्या भिंतींस रंग देण्यासाठीं आपण उदारपणें हात सैल सोडला, हें योग्यच झालें. आतां प्रत्येकानें आपल्या घरांतील प्रार्थनेकडेहि पाहावें. परमेश्वर तीस भरतींत व ओहोटींत सारखीच तेवत ठेवो.