भेडाघाट-जबलपूर : संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण

भेडाघाट ही मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात, शहरापासून सुमारे २० किमी. वर नर्मदाकाठी असलेली नगरपरिषद. संगमरवरी कडे, धुवाँधार धबधबा आणि चौसष्ट योगिनी मंदिर यांसाठी प्रसिद्ध. इथल्या मुलामुलींना संगणक अभियांत्रिकीसाठी जबलपूरकडे जावे लागते.

संस्था : जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. तेव्हा विदर्भ आणि जबलपूर मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. विदर्भातल्या नागपूरला विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते मात्र १९६० मध्ये. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार ही शाखा देशात आरंभी शिकवणाऱ्यांत जबलपूरच्या या महाविद्यालयाची गणना होते. २००५ मध्ये पंडित द्वारकाप्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व निर्माण संस्था स्थापन झाली. तिचा परिसर डुमना विमानतळाच्या रस्त्यावर आहे. २०१४ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर. पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची.

अभ्यासक्रम : डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर आणि यांच्या मुळाशी असलेले विविक्त गणित. प्रोग्रामिंगच्या भाषा दर काही वर्षांनी बदलतात, हे विषय बदलत नाहीत. विद्यार्थी मात्र बहुधा उलट क्रमाने जीव लावतात, ही खरी काळजीची बाब आहे. एक उदाहरण : स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन लिहिताना थांबण्याची अट राहिली, की प्रत्येक हाकेसरशी स्टॅकवर नवी चौकट चढते आणि जागा संपली की प्रोग्राम कोसळतो. वहीत एकावर एक चौकोन काढून हे ज्याने एकदा हाताने करून पाहिले, तो पुढे कोणत्याही भाषेत ही चूक क्षणात ओळखतो.

नोकरीच्या वाटा : बहुतेक पदवीधर पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा इंदूरची वाट धरतात. उच्च शिक्षण आणि काही सार्वजनिक उपक्रम यांसाठी गेट परीक्षा द्यावी लागते. जबलपूरमधील संधींकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, राज्याचे उच्च न्यायालय, संरक्षण कारखाने आणि वीज कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत. त्यांतही शिकण्यासारखे ठिकाण म्हणजे राज्य भार प्रेषण केंद्र. विजेच्या उपकेंद्रांतून येणाऱ्या नोंदी इथे अखंड जमा होतात आणि मागणी व निर्मिती यांचा मेळ घालत वारंवारता ५० हर्ट्‌झच्या जवळ ठेवावी लागते. नेटवर्क, डेटाबेस आणि वेळेत उत्तर देणारी प्रणाली, असे तिन्ही विषय तिथे एकत्र येतात. नर्मदेच्या बरगी धरणावरील ९० मेगावॉटच्या जलविद्युत केंद्राची वीजही याच हिशेबात धरली जाते. तिथून सुटलेले पाणी पुढे भेडाघाटला धुवाँधारवरून कोसळते.